रोसेनचा अर्क

१२ मे, शुक्रवार

गिन्के, आधी तुमची सगळ्यांची खुशाली सांग. तुझे गुडघे काय म्हणतात? तुझ्या पेन्योचा खोकला गेला, की अजून पहाटे अंगणात उभा राहून साऱ्या गावाला उठवतो? सूनबाईचं बाळ पोटात हलायला लागलं का? आणि ती लंगडी शेळी. तीही घरातलीच, तिचंही कळव. तू म्हणालीस ना, स्तोयना, रोज जमेल तसं चार ओळी लिही, वही भरली की टपालात टाक, म्हणजे सख्खी बहीण शेजारी बसून बोलतेय असं वाटेल. तशीच लिहिते आहे. माझं शिक्षण किती ते तुला ठाऊक. चौथीनंतर जे काही आलं ते तंबाखूची पानं गुंडाळायच्या वर्तमानपत्रांवरून. तेव्हा चुका पोटात घाल.

आम्ही सुखरूप पोचलो. ट्रकवाल्याने माझ्या म्हाताऱ्याला, स्तामेनला, चाकाच्या खुर्चीसकट उचलून खाली ठेवलं, जसं काही दह्याचं मडकं. जागा मला फार आवडली. पूर्वी ही तंबाखू वाळवायची लांबलचक शेड होती. आता पुढच्या भागात प्रयोगशाळा आहे आणि मागे आम्हाला दोन खोल्या. भिंतींना अजून तंबाखूचा वास येतो, त्यामुळे परक्या घरात आल्यासारखं वाटलंच नाही. स्तामेनची खाट मी खिडकीपाशी लावली. खिडकीसमोर टेकडी, आणि टेकडीभर रोसेनची रोपं. अजून कळ्याच आहेत, पण वारा इकडे वळला की लिंबासारखा आणि राळेसारखा वास घरभर होतो. स्तामेनने नाक वर करून वास घेतला. मी विचारलं, छान आहे ना रे? म्हणाला, हो.

आता तो सगळ्यालाच हो म्हणतो, हे तू पाहिलंच आहेस. शरदात प्लमची दारू, राकिया, गाळताना पडला, उजवं अंग गेलं, जीभ गेली, आणि सगळ्या शब्दांतून हा एवढाच मागे राहिला. सूप गरम आहे का? हो. गार आहे का? हो. आज ट्रकमध्ये मी विचारलं, म्हाताऱ्या, तू गाढव आहेस का? हो म्हणाला, आणि अर्ध्या तोंडाने इतका हसला की ट्रकवालाही हसायला लागला.

१५ मे

काम समजलं. टेकडीवरून आणलेला रोसेन सावलीत वाळवायचा, दळायचा, आणि संध्याकाळी काचसामान धुवायचं. बस्स. सगळं सांभाळणारी एकच बाई आहे, एवदोकिया मिंचेवा, राजधानीहून आलेली, पस्तिशीची. एकटीच आहे बिचारी, उभ्याउभ्या पाव खाते. मी पहिल्याच दिवशी तिच्यापुढे घेवड्याच्या सूपचा वाडगा ठेवला आणि म्हटलं, पोरी, बसून खा, काच कुठे पळून जात नाही. तेव्हापासून ती मला आजी म्हणते.

ती काय करते ते तुला सांगते, मला समजलं तेवढं. आपण म्हणतो रोसेन गुणकारी. ती विचारते, त्यात नेमकं काय काय आहे? दळलेली पानं ती मद्यार्कात भिजवते, गाळते, मग तो रस काचेच्या गोल भांड्यात कोमट पाण्यावर गरगर फिरत ठेवते. मद्यार्क उडून जातो आणि तळाशी मधासारखा दाट, हिरवट तपकिरी अर्क उरतो. त्या अर्काचा थेंब ती पांढरा लेप दिलेल्या काचेच्या पट्टीवर खालच्या कडेला ठेवते आणि पट्टी एका द्रवात उभी करते. द्रव वर चढतो, आणि त्याच्याबरोबर त्या थेंबातले पदार्थही चढतात, कुणी भराभर, कुणी रेंगाळत. मग पट्टी जांभळ्या दिव्याखाली धरली की एकेक ठिपका निळा पेटतो. गिन्के, मी तर तोंडावर हात धरला. चांदणं कुणीतरी शिडीवर चढवलंय असं दिसतं.

प्रत्येक ठिपक्याला नाव आहे. तिला सगळी पाठ आहेत.

तिने मला रबरी हातमोजे दिले आणि बजावलं की आजी, हे अंगाला लागू देऊ नका, आणि लागलंच तर उन्हात जाऊ नका, या निळ्या ठिपक्यांचं आणि उन्हाचं वैर आहे. मी हो म्हटलं. हातमोजे मला मोठे होतात, काच निसटते. जन्मभर उघड्या हातांनी तंबाखू तोडला, माझ्या तळव्याला काय होणार? आणि उन्हाचं म्हणशील तर ते आपल्या आईनेही सांगितलेलंच होतं. मला बरंच वाटलं. म्हटलं, शिकलेली बाई पण आईच्याच वाटेने चाललीये.

१९ मे

आज फार मजा झाली. दुपारी वारा अगदी पडला होता. एवदोकिया म्हणाली, चला आजी, गंमत दाखवते. टेकडीवर नेलं. पहिली फुलं उमलली आहेत, फिकट गुलाबी, जांभळ्या शिरांची. तिने काडी पेटवून एका तुऱ्याच्या बुडाशी धरली आणि भप्पकन एक ज्योत दांडीवरून वर धावत गेली. मी किंचाळले. पण फूल जसंच्या तसं! झाड आपल्याभोवती तेलाची वाफ सोडतं, तीच जळते, असं ती म्हणाली. खिडकीतून स्तामेनने पाहिलं असावं. परत आले तेव्हा त्याचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते.

कुना म्हणून एक म्हातारी रोज दूध घालते. जीभ म्हणजे कात्री. तिने तो जाळ रस्त्यावरून पाहिला होता. किटली खाली न ठेवताच सुरू झाली: लावा, लावा काड्या त्यांच्या फुलांना! चक्कीत घाला, काचेत कोंडा! त्या काय गप्प बसतील? मी म्हटलं, कुना, तुझं दूध पातळ आहे, आधी त्याचं बोल. ती म्हणाली, माझ्या दुधात पाणी आहे, पण तुझ्या डोक्यात तर तेही नाही.

त्या म्हणजे कोण ते तुला सांगायला नको. आपणही त्यांचं नाव घेत नाही. रानातल्या बाया. स्पासोवदेनच्या सणाच्या आदल्या रात्री त्या रोसेन खुडायला येतात, आणि आजारी माणसाला तेव्हा रोसेनखाली निजवतात, उशाशी पांढरं फडकं पसरतात. सकाळी फडक्यावर फूल पडलेलं असलं तर माणूस उठतो. वाळकं पान असलं तर नाही. आणि सूर्य उगवायच्या आत तिथून निघायचं, कारण ऊन लागलं की रोसेनमधला जोर उडून जातो. आई असंच म्हणायची ना?

आता मनातलं तुला सांगते, आणखी कुणाला नाही. मी ही नोकरी काचा धुवायला धरलेली नाही. उशाला रोसेन, पुढच्या दाराशी त्याचा अर्क काढणारी बाई. स्तामेन इथे बरा झाला नाही तर कुठे होणार? मला त्याने पळायला नको आहे. त्याने एकदा मला नावाने हाक मारावी. मूलबाळ नाही, गिन्के, या घरात माझं नाव घेणारा तोच एक होता. शरदापासून मला नाव नाही.

२४ मे

आज सुट्टी. शाळेची मुलं फुलांच्या माळा घेऊन रस्त्यावरून गात गेली. एवदोकियाही गेली होती, पण दुपारीच परतली आणि पट्ट्यांशी जाऊन बसली. तिच्या कपाळाला आठी होती. टेकडीच्या माथ्यावरच्या रोसेनमध्ये एक जादा ठिपका दिसतोय, म्हणाली. इतर कुठल्याच रोसेनमध्ये तो नाही. बाकीचे निळे, हा हिरवट. त्याचं नाव तिला ठाऊक नाही, पुस्तकातही नाही. तीनदा पट्टी चढवली आणि दर वेळी तो आधीपेक्षा थोडा वर. असं होता कामा नये, म्हणाली, एकाच पदार्थाने एकाच उंचीवर थांबायला हवं. मी म्हटलं, पोरी, एखादा माणूस असतो ना, ज्याला एका जागी बसवत नाही. ती हसली, पण आठी गेली नाही.

मी सुरुवात केली आहे. गोल भांड्यांच्या तळाशी अर्क चिकटून राहतो, तो धुऊन मोरीतच जायचा असतो. मोरीने काय पुण्य केलंय? मी भांड्यात घोटभर राकिया घालते, खळखळवते, आणि बाटलीत ओतून ठेवते. पहाटे, सूर्य उगवायच्या आत, त्याने स्तामेनचे पाय चोळते. मांडीपासून घोट्यापर्यंत, मग उजवा हात. सूर्य वर यायच्या आत सगळं आटपते. मग दहा वाजता त्याला खिडकीतल्या उन्हात बसवते, पाय उघडे टाकून. म्हाताऱ्या हाडांना ऊन हवंच. मी विचारलं, बरं वाटतं का रे? हो, म्हणाला.

२८ मे, रविवार

पायाला रंग आला! पोटरीवर लाली. मेलेल्या पायात रक्त फिरायला लागलं, गिन्के, शपथ! मी आनंदाने चीज घालून बानित्सा भाजली, निम्मी एवदोकियाला दिली. का ते सांगितलं नाही. स्पासोवदेनला त्याला त्याच्या पायांवर उभं करून दाखवीन, मग सांगीन. आजपासून जास्त चोळते आहे.

संध्याकाळी लाली गडद झाली होती. त्याने तिथे डावा हात नेला आणि माझ्याकडे पाहत राहिला. मी विचारलं, जाणवतंय का तुला? हो.

३१ मे

पोटरीवर फोड आले आहेत. पाण्याने भरलेले, ओळीने. आधी वाटलं गादीतले किडे. गादी उलटीपालटी केली, काही नाही. मग नीट पाहिलं.

चार ओळी आहेत. शेजारी शेजारी. आणि पोटरीच्या दुसऱ्या बाजूला एक, आखूड, जाड.

ती बोटं आहेत, गिन्के. कुणीतरी त्याची पोटरी हातात धरली होती.

दुधाच्या वेळी मी दार लोटून घेत होते, पण कुनाने मान आत घातलीच. तिची बडबड एकदम थांबली. मला तेव्हाच भीती वाटली. कुना गप्प बसली की समजावं. मग हळू आवाजात म्हणाली, बायांनी त्याला हात लावलाय. कोंबडी घेताना कशी आधी चाचपून बघतो आपण, तशा बघतायत. उचलून न्यायच्या आधी. मी म्हटलं, मग करू काय? ती म्हणाली, त्यांचंच फूल त्यांच्यावर घाल. रोसेन चोळ. जिथे जिथे त्यांचा हात, तिथे तिथे चोळ.

तेच तर करते आहे. आता दुप्पट करते.

२ जून

मांडीवर. गुडघ्यावर. उजव्या दंडाला सगळ्या बाजूंनी, जणू कुणी उठवून बसवत होतं. जुने डाग तपकिरी पडतायत, नवे लाल येतात. मी पहाटे चोळते आणि दुसऱ्या तिसऱ्या दिवशी तिथे हात उमटतो. माझ्या पाठोपाठ येतात त्या. मी जिथे औषध लावते तिथेच चिडून धरतात.

माझ्याही मनगटांवर फोड आले आहेत. काच धुवायच्या सोड्याने असतील.

दिवसा त्याला उन्हात ठेवते. उजेडात बाया येत नाहीत. ऊन त्याला राखतं, तेवढाच एक आधार.

एवदोकियाने विचारलं, आजी, डोळे सुजलेत, रडलात का? मी म्हटलं, कांदा. तिला सांगू नये. शिकलेली माणसं हसतात, आणि ती हसली तर माझ्याने सोसवणार नाही. ती स्वतःही नीट झोपत नाही. तो हिरवट ठिपका आता पट्टीच्या वरच्या कडेला पोचलाय.

४ जून

आज गालावर.

आज गालावर, गिन्के. डाव्या गालावर, पूर्ण पंजा, कानापासून हनुवटीपर्यंत. जसा आपण एखाद्याचा चेहरा हातात घेतो तसा. इतक्या मायेने धरलंय की मला त्या बाईचा राग येण्याआधी मत्सरच वाटला.

त्याच्या डोळ्यातून पाणी येतं. मी विचारलं, दुखतं का रे? हो. मी विचारलं, चोळू का? हो. मी विचारलं, की नको? हो.

काय समजू मी?

ताप आहे अंगात.

५ जून, सोमवार

खरं कळलं. घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

एवदोकिया सकाळी हातमोजे शोधत मागच्या खोलीत आली. मी अडवायच्या आत तिने स्तामेनला पाहिलं. ती खाटेशी गुडघ्यावर बसली, त्याच्या पायाकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग कपाटावरच्या माझ्या बाटलीकडे. बाटली उघडून वास घेतला. मग माझा उजवा हात हातात घेतला आणि अलगद त्याच्या गालावर ठेवला, त्या डागावर.

बसला. बोट न बोट बसलं. माझी करंगळी वाकडी आहे ना, तीसुद्धा वाकडीच उमटली होती. पहाटे चोळून झालं की त्याच हाताने मी त्याचा गाल धरायची.

ती म्हणाली, आजी, हे पदार्थ कातडीत मुरतात आणि ऊन लागलं की जाळतात. लगेच नाही, एक दोन दिवसांनी. मी म्हटलं, पण मी तर उजाडायच्या आत लावत होते, सूर्याला दिसूच दिलं नाही! ती म्हणाली, लावलेलं तिथेच राहतं, आजी. सूर्य नंतरही येतो.

आई म्हणायची ऊन लागलं की जोर उडतो. उडत नाही, गिन्के. उन्हानेच तर जागा होतो. मी त्याला पहाटे माखून ठेवत होते आणि दहा वाजता विस्तवाकडे तोंड करून बसवत होते. आणि विचारत होते, बरं वाटतं का.

कुणी बाया नव्हत्या. मीच.

एवदोकिया रडली. म्हणाली, चूक माझी, मी नुसतं नको म्हटलं, का ते सांगितलं नाही. मी तिला म्हटलं, तू सांगितलं होतंस पोरी, मला वाटलं मला आधीच ठाऊक आहे.

६ जून

काल दुपारचं लिहायचं राहिलं. लिहू की नको असं झालं होतं.

अर्क कुठे कुठे लागलाय ते पाहून तेवढं पुसायचं म्हणून एवदोकियाने जांभळा दिवा खोलीत आणला. खिडकीवर घोंगडी टांगली. दिवा लावला, आणि स्तामेन उजळला. साऱ्या अंगभर निळे हात. पायांवर, दंडावर, छातीवर, गालावर. माझे हात. मी त्याच्यावर किती हात फिरवला होता ते मला तेव्हा दिसलं. माझे तळवेही पेटले होते. तो आपल्या अंगाकडे पाहत होता, घाबरला नव्हता.

मग आम्ही त्याला कुशीवर वळवलं. पाठीला मी कधी लावलंच नाही, गिन्के. मला एकटीला तो वळवतच नाही.

पाठीवर हात होते. निळे नव्हते. हिरवट. अरुंद, लांब बोटांचे. खांद्यांच्या मागे दोन, कमरेखाली दोन, गुडघ्यांच्या मागे. उचलताना धरतात तिथे तिथे.

मी एवदोकियाकडे पाहिलं. तिला तो रंग ओळखू आला. तिने दिवा बंद केला. म्हणाली, दिवा फार तापलाय. दिवा गार होता, मी हात लावून पाहिला.

संध्याकाळी तिने शहरातून डॉक्टर आणला. त्याने पाय, हात, गाल सगळं पांढऱ्या पट्ट्यांनी बांधलं. जखमांचं विष रक्तात उतरलंय म्हणाला. शुक्रवारी गाडी येईल, इस्पितळात नेतील. मी विचारलं, वाचेल ना? तो माझ्याकडे न बघता पिशवी आवरत होता.

७ जून, बुधवार

आज स्पासोवदेनची पूर्वसंध्या. टेकडी फुलून गुलाबी झाली आहे. घोंगडी काढलेली नाही.

एवदोकियाने टेकडीच्या माथ्यावरच्या रोसेनच्या सगळ्या काचेच्या पट्ट्या फोडून टाकल्या. मला सांगितलं पडल्या. मग म्हणाली, आजी, आज मी तुमच्याच खोलीत बसते. मी तिला पुढच्या भागात झोपायला पाठवलं. उभ्याउभ्या झोपत होती पोर.

कुना आली, किटली न घेता. म्हणाली, त्याला घेऊन चल, फडकं मी आणते, आज बाया देतात किंवा नेतात, पण असं लोंबकळत ठेवत नाहीत. मी म्हटलं, नाही. पुरे झालं. जे जे ऐकून केलं त्याने त्याची ही गत झाली. माझा माणूस माझ्या घरात राहील.

ती भांडली नाही. दारातून वळून म्हणाली, मग एवढं तरी ऐक. उद्या बाहेरून कुणी हाक मारली तर ओ देऊ नकोस. आपल्या माणसाचा आवाज असला तरी. ओ दिलीस की तूही गेलीस.

त्याच्याशी बसले आहे. पट्ट्यांमधून बोटं तेवढी उघडी आहेत, ती धरून. त्याला म्हटलं, माफ कर रे म्हाताऱ्या. तो काहीच बोलला नाही. हो सुद्धा नाही.

श्वास मोजूनमापून —

नाही, झोपलाय.

८ जून

उजाडतंय.

माझा डोळा लागला. बोटं धरूनच. उठले तर हातात —

खाट रिकामी आहे. पट्ट्या आहेत. सुटलेल्या नाहीत, गाठी तशाच, पायाच्या आकाराच्या, आत पाय नाही. गालावरचीसुद्धा. खाटेवर त्याचा नुसता पोकळ आकार —

चाकाची खुर्ची जागेवर. दाराला आतून कडी.

घोंगडी खाली पडली आहे.

गिन्के

तो टेकडीवर आहे. उभा. आपल्या पायांवर, रोसेनमध्ये, कमरेपर्यंत फुलं. पाठ माझ्याकडे. त्याच्या आजूबाजूला फुलं हलतायत, आणि वारा नाही.

अंगावर एकही डाग नाही. इतक्या लांबून दिसतंय मला. पाठ कशी लग्नाच्या वेळी होती तशी —

एवदोकियाला हाक मारावी. ती झोपली असेल. तिला यात ओढू नये.

वळला.

हाक मारली त्याने.

हो नाही म्हणाला. स्तोयना म्हणाला. पूर्ण. जसा अंगणातून मारायचा, शेवटचं अक्षर लांबवून. गिन्के, माझं नाव. मी आहे, मला नाव आहे —

कुनाचं लक्षात आहे. तोंडात डोक्यावरच्या रुमालाचं टोक कोंबलं आहे. ओ देणार नाही. नाही देणार.

पुन्हा मारली.

थांबलाय. हात पुढे केलाय, उजवा हात. बाकीची फुलंही थांबली आहेत.

सूर्य कड्याच्या मागेच आहे. एकदा वर आला की त्या जातील, आणि तो त्यांच्याबरोबर, आणि मग मला कोण —

मोजे नाहीत त्याच्या पायात. दव पडलंय केवढं. अनवाणी आहे म्हातारा, सर्दी होईल त्याला, मी नुसते मोजे देऊन —

वही खिडकीत ठेवते, एवदोकिया टाकेल टपालात. तुझे गुडघे सांभाळ. बाळाचं काय ते कळव. गिन्के, पत्र लवकर लिही, याच पत्त्यावर, आणि वर माझं नाव घाल, मोठ्या अक्षरात, विसरू नकोस, माझं ना